एकदा परत या: मराठी वृत्तवाहिन्यांच्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादकहो,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला. 2008 ते 2021 अशी 13 वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीला इथून बातम्या पाठवल्या. वाहिनीचं नाव लिहीत नाही, कारण म्हणणं तिच्या एकटीशी नाही, तुम्हा सगळ्यांशी आहे. तुमच्या ऑफिसात मला स्ट्रिंगर म्हणायचे, गावात टीव्हीवाले. नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नाही. बातमी चालली तर काहीशे रुपये, पडली तर पेट्रोल आपलं. सुरुवातीला मिनी-डीव्ही कॅसेट पाकिटात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि सकाळी फोन करून विचारायचं, पोचली का. पुढं इंटरनेटवरून फाइल पाठवायचं एफटीपी आलं, मग व्हॉट्सॲप. आता चित्रण क्षणात मुंबईला पोचतं. पण पोचल्यावर त्याला पडद्यावर मिळणारी जागा वर्षागणिक आखडत गेली.

हे पत्र माझ्या राहिलेल्या पैशांसाठी नाही. माझी मागणी एकच आहे. आठवड्यातून एक तास द्या. त्या तासात एकच विषय, एकच गाव किंवा एकच तालुका, आणि तिथं राहून आलेला बातमीदार. तोच बातमीदार सहा महिन्यांनी, वर्षानं, पाच वर्षांनी त्याच गावात परत गेला पाहिजे. असा कार्यक्रम सुरू करा आणि दोन महिन्यांत गुंडाळू नका. वर्षानुवर्षं चालवा.

का म्हणतो ते सांगतो.

2019 च्या जून महिन्यात वडवणी तालुक्यातल्या एका तांड्यावर गेलो होतो. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, ही बातमी तेव्हा देशभर गाजत होती. डेस्कवरून फोन आला, दोन बायका बघा, बाइट पाठवा, सहाच्या आत. एक ताई बोलायला तयार झाल्या. सव्वीसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढलेली. अंगावरून पांढरं जायचं, पोट दुखायचं, खासगी डॉक्टरनं सांगितलं, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून घेतले, ते पुढच्या हंगामाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीत चढले. टाके ओले असतानाच फडात गेल्या, कारण खाडा पडला की पैसे कापतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातलं एक माणूस बसलं की कोयता मोडतो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं कसं, हे त्यांनी मला उठून उभं राहून दाखवलं. त्या 40 मिनिटं बोलल्या. मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.

चाललं 11 सेकंद. चेहरा धूसर केलेला, ते बरोबरच होतं. पण आवाजही खाली केलेला आणि वरून अँकर बोलत होता.

त्या ताई त्या दिवशी कुणाच्या तरी रानात खुरपायला गेल्या होत्या, त्यांनी काही पाहिलं नाही. तेव्हापासून वर्षातून एकदा तरी गाठ पडते, बाजारात नाही तर बसस्टँडवर, आणि त्या विचारतात, “भाऊ, मपलं समदं लागलं का ओ टीव्हीवर?” त्यातलं ‘समदं’ ऐकलं की मला पुढं बोलता येत नाही.

त्या साली सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. खासगी दवाखान्यात पिशवी काढायची तर आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम झाला. पुढं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभं राहिलं आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलं. आता मला सांगा, त्या परवानग्यांचं पुढं काय झालं हे तुमच्यापैकी कुणी तांड्यावर जाऊन विचारलं? टनामागच्या 10 रुपयांतून कुणाच्या पदरात काय पडलं? कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईला संडास मिळाला का, बाळंतपणाला दवाखाना मिळाला का? ही विचारायला अवघड माणसं नाहीत. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येतात, दारात बसतात, विचाराल ते सांगतात. फक्त कुणीतरी परत जायला लागतं.

आता लातूर. 2016 चं पाणी तुम्हाला आठवत असेल, कारण तुम्ही सगळे आला होता. पण मी त्याच्या आधीचं सांगतो. लातूरला पाणी जातं ते आमच्या तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणातून. 2015 च्या पावसाळ्यात धरणात पाणी आलंच नाही. त्या हिवाळ्यात मी तीनदा धनेगावला जाऊन चित्रण केलं. भेगाळलेलं पात्र, पाणी उपसायची उघडी पडलेली विहीर, म्हणजे जॅकवेल, गाळात रुतलेल्या होड्या. तिन्ही वेळा डेस्कवरचा पोरगा मला म्हणाला, “सर, दुष्काळ रोजचाच आहे, काही वेगळं आहे का?” पोरगा वाईट नव्हता. त्याच्यावरही कुणीतरी बसलेलं होतं.

मार्चमध्ये लातुरात टाक्यांच्या भोवती कलम 144 लावावं लागलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्या दिवशी लातूर स्टेशनबाहेर थेट प्रक्षेपणाच्या गाड्यांची, ओबी व्हॅनची, रांग लागली होती. इतके कॅमेरे त्या शहरानं किल्लारीच्या भूकंपानंतर पाहिले नसतील. पुढं 50 वाघिणींची गाडी सुरू झाली आणि पावसाळ्यात ती बंदही झाली. त्या वर्षी परतीचा पाऊस असा पडला की मांजरा भरलं. धरण भरल्याचंही तुम्ही दाखवलंत, वरून, ड्रोननं, फार सुंदर.

या दोन चित्रांच्या मध्ये जे होतं ते राहून गेलं. मांजरा पट्ट्यात ऊस किती उभा होता? कारखाने किती, त्यांना पाणी कुठून मिळत होतं? शहराच्या नळयोजनेतून गळती किती? सातशे-आठशे फूट बोअर मारून एका गल्लीनं दुसऱ्या गल्लीचं पाणी कसं ओढलं? उजनीचं पाणी लातूरला आणण्याची घोषणा आम्ही कितव्या निवडणुकीत ऐकतोय? हे दीड मिनिटाच्या पॅकेजात बसणार नाही, मान्य. म्हणून तर तास मागतोय.

असा तास जगात कुणी चालवतं का, हा प्रश्न मलाही पडला होता. 2020 च्या टाळेबंदीत आमचे पैसे बंद झाले, घरी बसलो होतो. भाची तेव्हा मेलबर्नला शिकत होती. तिनं ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारणसंस्थेचा, एबीसीचा, ‘फोर कॉर्नर्स’ नावाचा कार्यक्रम बघायला सांगितला. इंग्रजी निम्मं समजायचं, निम्मं तिला विचारायचं. 1961 साली सुरू झालेला कार्यक्रम आजही चालू आहे. साधारण पाऊण तास, एकच विषय. पहिल्याच वर्षी त्यांनी कॅसिनो नावाच्या गावाजवळच्या बॉक्स रिज या मूलनिवासींच्या वस्तीवर कॅमेरा नेला होता. पत्र्याच्या खोपटातली माणसं शहरातल्या लोकांनी आपल्या घरात बसून पाहिली. आपल्याकडं मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला तेव्हा अजून 11 वर्षं होती.

त्या कार्यक्रमातल्या एका बातमीदाराची गोष्ट मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो. ख्रिस मास्टर्स त्याचं नाव. क्वीन्सलँड राज्यात जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने पोलिसांना हप्ते देऊन चालतात, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडं चहाच्या टपरीवर ठाऊक असतं तसंच. मास्टर्स तिथं गेला, राहिला, माणसांचा विश्वास मिळवला, कागद जमवले. 11 मे 1987 ला तो भाग लागला. दुसऱ्याच दिवशी सरकारला चौकशी जाहीर करावी लागली. टोनी फिट्झजेराल्ड यांच्यापुढं ती दोन वर्षं चालली. पोलिस आयुक्त तुरुंगात गेला, माजी मंत्रीही गेले. 32 वर्षं सत्तेत असलेला पक्ष 1989 च्या निवडणुकीत पडला.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्या एका भागावरून मास्टर्सवर बदनामीचे दावे लागले आणि ते दहा वर्षांहून जास्त काळ चालले. तो एकटा असता तर पहिल्या नोटिशीलाच संपला असता. त्याच्यामागे त्याची संस्था होती, संस्थेचे वकील होते, आणि भाग लागण्याआधी प्रत्येक वाक्य तपासून पाहणारी माणसं होती.

2016 साली, लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्याच पावसाळ्यात, या कार्यक्रमानं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डॉन डेल बालसुधारगृहात पोरांना कसं छळतात ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी शाही आयोग जाहीर केला. कॅमेरा त्यांच्याकडंही होता आणि आपल्याकडंही होता. त्यांनी त्या कॅमेऱ्याला महिने दिले होते.

चुका असल्या कार्यक्रमांतही होतात. ब्रिटनच्या बीबीसीचा असाच कार्यक्रम, ‘पॅनोरामा’, 1953 पासून चालू आहे. 1995 साली त्यांच्या बातमीदारानं खोटे कागद दाखवून राजकुमारी डायनाची मुलाखत मिळवली होती, हे 2021 मध्ये लॉर्ड डायसन यांच्या चौकशीत स्पष्ट झालं. पुढं त्याच कार्यक्रमात ट्रम्प यांच्या भाषणाचे लांब-लांबचे तुकडे एकत्र जोडून दाखवल्यावरून नोव्हेंबर 2025 मध्ये बीबीसीचे महासंचालक आणि वृत्तविभागाच्या प्रमुख, दोघांनी राजीनामे दिले. आपल्याकडं चुकीची बातमी चालली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. खालची पट्टी बदलते. आणि शिव्या खातो तो गावातला बातमीदार, कारण लोकांना सापडतो तोच.

यावरून मस्साजोगचा विषय काढावाच लागेल. मस्साजोग माझ्या तालुक्यातलं. 9 डिसेंबर 2024 ला तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडं मागितलेल्या खंडणीचा धागा तपासात पुढं आला, मार्चमध्ये एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. तुम्ही हा विषय लावून धरलात, आणि तुम्ही नसता तर तो इथवर आला नसता. हे मी मनापासून मान्य करतो. त्या दिवसांत मुंबईहून आलेल्या एका तरुण बातमीदारानं मला चहा पिताना विचारलं, “काका, तुम्हाला हे आधी माहीत नव्हतं का?”

मी त्याला तेव्हा काही बोललो नाही. इथं उत्तर देतो. वाळूचे ट्रॅक्टर रात्री कुणाच्या जिवावर निघतात, कुठलं कंत्राट कुणाला विचारल्याशिवाय कुणी भरत नाही, हे इथल्या पोराटोरांना माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि ते स्वतःच्या नावानं टीव्हीवर सांगणं वेगळं. त्याला कागद लागतो, वकील लागतो, फोन उचलणारा संपादक लागतो. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, 2017 साली तो विधिमंडळात मंजूर झाला. पण ज्याच्याकडं ओळखपत्रसुद्धा नाही, त्यानं पोलिस ठाण्यात जाऊन मी पत्रकार आहे हे कशावर सिद्ध करायचं? ओबी व्हॅन रात्री संभाजीनगरला जाते. माझं घर, पोरांची शाळा, म्हातारी आई, सगळं इथंच.

आणि व्हॅन गेल्यावर आमच्या जिल्ह्याच्या अंगाला जे चिकटलं ते अजून निघालेलं नाही. पुण्यात खोली बघायला गेलेल्या पोराला बीडचा म्हटल्यावर घरमालक नाही म्हणतो. कॅमेरे मस्साजोगला होते त्याच दिवसांत, त्याच रस्त्यानं, ऊसतोडीला गेलेल्यांची म्हातारी आईबापं घरोघर नातवंडं सांभाळत बसलेली होती. त्यांच्या दारात गाडी थांबली असती तर उचलीच्या पैशाखाली दबलेला जिल्हा म्हणजे काय तेही कळलं असतं.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. टीआरपी. जाहिराती. तासाभराचं कुणी बघत नाही. मग मला 2020 आठवतं. टीआरपीचा घोटाळा बाहेर आला आणि त्या ऑक्टोबरपासून मार्च 2022 पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे टीआरपी मोजणाऱ्या बार्क या संस्थेनं दिलेच नाहीत. जवळजवळ दीड वर्ष. त्या काळात दर गुरुवारी छातीत धडकी भरवणारा आकडा नव्हता. तरीही संध्याकाळी सहा चौकटींत सहा माणसं भांडतच होती. तेव्हा आकड्यामुळं भांडण लावावं लागतं, हे मला आता पटत नाही. चर्चा स्वस्त पडते म्हणून लावता. चार पाहुण्यांना फोन केला की तास भरतो. बातमीदाराला आठ दिवस गावात ठेवायचं तर गाडी, जेवण, मुक्काम, आणि आठ दिवस त्याच्याकडून दुसरी बातमी नाही. खर्च आहेच. पण तो एका गावाचा आहे, त्यानं वाहिनी बुडत नाही.

आणि बघत नाहीत म्हणता, तर आमच्या लहानपणी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर ‘आमची माती आमची माणसं’ बघायला पारावरची माणसं उठून यायची. त्यात ना संगीताचा ढणढणाट होता ना धावती पट्टी. एक शेतकरी आपल्या रानात उभा राहून सांगायचा आणि दुसरे शेतकरी ऐकायचे. माझे वडील त्यातलं औषधाचं प्रमाण सिगारेटच्या पाकिटावर लिहून घ्यायचे.

तुमच्या बातमीदारांवर माझा राग नाही. सप्टेंबर 2025 च्या पुरात ही पोरं कंबरभर पाण्यात उभी राहून बोलत होती, काहींनी माईक ठेवून माणसं ओढून काढली. त्यांची ताकद मी ओळखतो. पण पाणी ओसरलं आणि त्यांना परत बोलावलं. ज्याची दोन एकर जमीन खरडून गेली, खाली मुरूम उघडा पडला, त्याला जाहीर झालेली मदत मिळाली का? माती कुठून आणली? पुढच्या पेरणीला त्यानं काय केलं? हे बघायला त्याच बातमीदाराला, ज्याच्या खांद्यावर हात ठेवून तो शेतकरी रडला होता, परत पाठवा. त्याला तो ओळखेल. चहा ठेवायला सांगेल. आणि पहिल्यांदा जे बोलला नव्हता ते बोलेल. हा माझा 13 वर्षांचा अनुभव आहे, माणूस दुसऱ्या भेटीत खरं बोलतो.

किल्लारीचंही तसंच. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दर 30 सप्टेंबरला तुम्ही एक मिनिट देता, तेच जुने फोटो. लातूर आणि धाराशिव मिळून 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. ती नवी गावं आता तिशी ओलांडून गेली. मोठाले रस्ते, लांब-लांब घरं, रान दूर पडलेलं. तिथं जन्मलेल्या पोरांची लग्नं झाली. गाव हलवल्यावर गावाचं काय होतं, याचं एवढं मोठं उदाहरण तुमच्या हाताशी आहे, आणि देशात कुठंही धरण-भूकंप-दरड झाली की तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले जातात.

कार्यक्रम सुरू केलात तर एवढं करा. जिल्ह्यातल्या माणसाला ‘प्रतिनिधी’ न म्हणता त्याच्या नावानं दाखवा. त्याला महिन्याचा पगार, विमा आणि ओळखपत्र द्या. मुंबईचा बातमीदार आणि इथला माणूस, दोघांचं नाव एका ओळीत येऊ द्या. नोटीस आली तर तिला वाहिनीनं उत्तर द्यावं, त्याच्या बायकोनं नाही. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी परत कधी येणार ती तारीख पडद्यावर लिहा, म्हणजे गावकरीच तुम्हाला फोन करतील.

आमच्याकडं उचल वाटायला आषाढात सुरुवात होते. त्याच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, तांडे भरलेले असतात. ज्या ताईंबद्दल वर लिहिलं, त्याही तेव्हा घरी असतात. त्यांच्या त्या 40 मिनिटांची कॉपी माझ्याकडं हार्ड डिस्कवर जपून ठेवलेली आहे, ती मी त्यांना विचारूनच देईन. कुणाला पाठवणार असाल तर मे संपायच्या आत कळवा. राहायची सोय माझ्या घरी होईल. तांड्यावर मी सोबत येतो. पहिल्या दिवशी कॅमेरा गाडीतच राहू द्यावा लागेल.

आपला,
केज तालुक्यातला एक जुना बातमीदार